गावाचं वर्ष सुरू होतं एप्रिलमध्ये, पण ठरतं ऑक्टोबरात

ग्रामसभा जवळ आली की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास फिरू लागतो. केंद्र सरकारच्या 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावरचा. वर गावाचं नाव, पुढे लाखांतला आकडा, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं: 'एवढे पैसे आले, मग आमच्या आळीचा रस्ता कुठं गेला?' दुसऱ्या दिवशी सभेत आवाज चढतात. सरपंच म्हणतात निधीच नाही. ग्रामसेवक रजिस्टरात मान खुपसून बसतात. गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. पैसे आलेले असतात, आणि रस्त्याला निधी नसतो.

हे कसं, ते कळायला ग्रामपंचायत वर्षभर काय करते आणि तिच्या पैशावर हुकूम कुणाचा चालतो, हे पाहावं लागतं. कायद्याची पुस्तकं न उघडता ते सांगण्याचा हा प्रयत्न.

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी

ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेली माणसं. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य, आणि सरपंच. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांतून निवडला जातो. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. या मंडळींची दर महिन्याला मासिक सभा होते आणि रोजचा खर्च तिथे मंजूर होतो.

ग्रामसभा म्हणजे तुम्ही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, कुणी बोलवावंही लागत नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा वहिवाटीने पडल्या आहेत. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कित्येक गावांत कागदावरच होते, हेही खरं.

तिसरा माणूस ग्रामसेवक. तो गावाचा नोकर नाही, जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं गेलं, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. सभेचं इतिवृत्त तो लिहितो, दप्तर तो सांभाळतो, आणि पैसे काढताना सरपंचाच्या बरोबरीने त्याचीही सही लागते. त्यामुळे 'सरपंचाने एकट्याने पैसे खाल्ले' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या जरा अवघडच आहे. खायचे झाले तर निदान दोघांना जेवायला बसावं लागतं.

पैशाला नाव चिकटलेलं असतं

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, आणि बहुतेकींना सगळ्यात मोठी रक्कम मिळते ती केंद्रीय वित्त आयोगाकडून. वित्त आयोग म्हणजे केंद्राने गोळा केलेल्या करातला वाटा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा द्यायचा, हे ठरवणारी घटनात्मक समिती. १५व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरच्या ग्रामीण संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. त्यापुढची पाच वर्षं १६व्या आयोगाची.

समजा, मुंबईला असलेल्या थोरल्या भावाने गावी दहा हजार रुपये पाठवले आणि फोनवर सांगितलं, 'यातले तीन हजार विहिरीला, तीन हजार संडास-मोरीला, उरलेल्या चारांचं तुम्ही बघा. पण गड्याचा पगार त्यातून द्यायचा नाही.' १५व्या आयोगाचा पैसा नेमका असाच आला. एकूण रकमेच्या ६० टक्के भाग 'बंधित' होता: निम्मा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के 'अबंधित', म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्च करायचा. पण तोही पगार आणि कार्यालयीन खर्चावर नाही.

आता पुन्हा त्या स्क्रीनशॉटकडे या. १५व्या आयोगाच्या हिशेबाने गावाला दहा लाख मिळाले असं धरलं, तर रस्त्याच्या वाट्याला येऊ शकणारी रक्कम फार तर चार लाख. त्याच चार लाखांवर अंगणवाडीची गळती, शाळेचं कुंपण, स्मशानभूमीची शेड आणि पथदिव्यांचं वीजबिल टपून बसलेलं असतं. शिवाय स्क्रीनशॉटमधला आकडा कधी कधी जमा रकमेचा नसतोच. तो आराखड्यातला, म्हणजे 'एवढी कामं करायची आहेत' असा असतो. आराखडा पन्नास लाखांचा आणि खात्यात नऊ लाख, असं सहज घडतं. तेव्हा पाहताना आराखड्याचा रकाना कुठला आणि प्रत्यक्ष जमा-खर्चाचा कुठला, हे आधी बघावं, मग फॉरवर्ड करावं.

मग आमदारांनी दिलेला रस्ता?

गावातली डोळ्यांत भरणारी कामं बऱ्याचदा ग्रामपंचायतीची नसतातच. 'पंचवीस-पंधरा'मधून आलेला सिमेंट रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट: हे राज्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खर्चाच्या खात्यातून, लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने मंजूर होतं. काही कामं जिल्हा नियोजन समितीकडून येतात, काही आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून. दलित वस्तीच्या कामांचा निधी जिल्हा परिषदेमार्फत येतो. ही कामं गावात होतात, कधी ग्रामपंचायत ती स्वतः करवूनही घेते, पण प्राधान्य गावाने ठरवलेलं असतंच असं नाही.

माझा स्वतःचा राग स्वागत कमानीवर आहे. पाण्याची टाकी गळते आणि वेशीवर लाखोंची कमान उभी राहते, कारण कमानीवर नाव घालता येतं, पाइपलाइनच्या दुरुस्तीवर नाही. एवढं मात्र लक्षात घ्यावं की त्या कमानीचा हिशेब ग्रामसेवकाला विचारून उपयोग नसतो. तो पैसा बहुतेकदा त्याच्या वहीतून गेलेलाच नसतो.

गावाचा स्वतःचा पैसा

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. याला 'स्वनिधी' म्हणतात, म्हणजे गावाने स्वतः उभा केलेला पैसा. भावाने पाठवलेल्या पैशासारखी यावर सक्त बंधनं नाहीत, पण हाही पूर्ण मोकळा नाही. स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. पाव टक्का जिल्हा ग्रामविकास निधीत जातो. कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो.

आकडे मांडून पाहू. हे एका काल्पनिक गावाचे आहेत. ५०० घरं, पाणीपट्टी सोडून बाकी कर सरासरी १,००० रुपये. मागणी पाच लाख. वसुली ६० टक्के झाली, तर हातात तीन लाख. शिपाई, सफाई कामगार यांच्यावर १ लाख ५ हजार. मागासवर्गीय, महिला-बालक, दिव्यांग मिळून ९० हजार. पाव टक्क्याचे ७५० रुपये. उरले साधारण १ लाख ४ हजार. वर्षभर गावात जे काही अचानक मोडेल, फुटेल, वाहून जाईल, त्यासाठी एवढेच.

याच गावाने ९५ टक्के वसुली केली, तर हातात ४ लाख ७५ हजार येतात. पगार तेवढाच राहिला आणि ३० टक्क्यांचा भाग वाढून १ लाख ४२ हजार ५०० झाला, तरी मागे सव्वादोन लाखांहून जास्त उरतात. वसुली दीडपटीच्या आसपास वाढली, पण मोकळा पैसा दुपटीवर गेला. मोजणी एवढी साधी असूनही ग्रामसभेत ती फारशी कुणी मांडताना दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने हे फार आधी ओळखलं. सगळा कर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत, अशी सोय त्या गावाने केली. लोक कर भरू लागले आणि गावाकडे सोयींसाठी पैसा राहिला. तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील गावोगावच्या भाषणांतून हे सांगत फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन घरपट्टीची नोटीस पुन्हा फडताळात ठेवली.

'कर का भरू? मला काय मिळतं?'

हा आक्षेप रास्तच आहे. नळाला चार दिवसांनी पाणी येत असेल, तर पाणीपट्टीची पावती फाडताना हात जड होणारच. पण पाण्याच्या योजनेचं गणित नीट पाहावं. जलजीवन मिशनमध्ये टाकी, पाइप, नळ हे सरकार देतं. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्या योजनेचं माप. योजना एकदा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली की मोटारीचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, फुटलेली पाइप आणि जळालेली मोटार हे सगळं गावाचं. वित्त आयोगाच्या पैशातून काही भागतं, पण पाणी सोडणाऱ्याचा पगार तिथून निघत नाही. तो पाणीपट्टीतूनच निघतो. पगार थकला की त्या माणसाचं येणं अनियमित होतं, पाणी अनियमित होतं, आणि लोक म्हणतात, पाणीच नीट येत नाही तर पट्टी कशाला भरायची. यातून बाहेर पडायचं तर कुणीतरी आधी पाऊल उचलावं लागतं. माझ्या मते ते ग्रामपंचायतीने उचलावं: पाणीपट्टीची जमा आणि योजनेचा खर्च दर महिन्याला फळ्यावर लिहावा.

कर वेळेत भरण्याचा फायदाही असतो. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरला तर ५ टक्के सूट मिळते. वर्ष उलटून गेल्यावर ५ टक्के दंड लागतो. आणि ग्रामपंचायत सदस्याने बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःचा कर भरला नाही, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. निवडणूक जवळ आली की काही वाड्यांची वर्षानुवर्षांची थकबाकी एका दुपारी कशी भरली जाते, याचं रहस्य यात आहे.

जाता जाता एक खुलासा. कर ज्या नोंदीवर बसतो तो 'नमुना ८', म्हणजे घरांची कर आकारणी नोंदवही. तलाठ्याकडचा जमिनीचा '८-अ' वेगळा. आणि नमुना ८ वर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. कर कुणाकडून घ्यायचा, एवढंच तो सांगतो. भावाभावांतली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

एप्रिल ते मार्च

ग्रामपंचायतीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पहिल्या दोन महिन्यांतल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, कामाचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप ठेवावे लागतात. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची माहिती याच सभेत मिळते. पण तेव्हा लग्नसराई असते आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन, त्यामुळे सभेला पन्नास माणसं जमणं मुश्कील.

एप्रिल-मे पाण्याचा. टंचाईच्या गावांत टँकरचा प्रस्ताव, विहीर अधिग्रहण, हातपंप दुरुस्ती. टंचाई नसलेल्या गावांतही याच सुमारास एक काम होतं, ज्याची बातमी कधी होत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य विभाग गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो: विहिरीला कठडा आहे का, हातपंपाच्या ओट्याला भेगा आहेत का, जवळ उकिरडा किंवा गटार आहे का, पाण्यात टीसीएल नियमित पडतं का. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे ठीक. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? हायमास्ट किती आहेत, ते मात्र पोरंसुद्धा सांगतील.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. पोतं उघडं राहिलं की तिचा जोर उतरतो. मग ती टाकली काय आणि न टाकली काय, सारखंच. जुलैत गावात जुलाबाची साथ आली की सगळे डॉक्टरांकडे धावतात. पण साथीचं मूळ बऱ्याचदा मे महिन्यात ओलसर खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या त्या पोत्यात असतं. गावाच्या प्राधान्यक्रमात माझ्या लेखी हे काम पहिलं आहे. त्याला खर्च सगळ्यात कमी, आणि त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही.

जून-जुलैत गटारं, साचलेलं पाणी, डास, झाडं लावणं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला झेंडावंदनामुळे गर्दी असते, म्हणून त्या दिवशी ठराव भरपूर होतात आणि चर्चा थोडी.

ऑक्टोबर: खरा हंगाम

पुढच्या वर्षी गावात काय होणार, याची यादी म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. महाराष्ट्रात हे काम 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने सुरू झालं. २०१८ पासून देशभर २ ऑक्टोबरपासून आराखड्याची मोहीम चालते. पद्धत कागदावर फार चांगली आहे. आधी शिवारफेरी, मग वॉर्डसभा, महिलांची सभा, मुलांचीसुद्धा बालसभा. त्यातून आलेल्या मागण्यांना प्राधान्यक्रम, मग ग्रामसभेची मंजुरी, तालुक्याला तांत्रिक तपासणी आणि शेवटी ई-ग्रामस्वराजवर नोंद.

आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. संकेतस्थळ ते बिलच पुढे सरकू देत नाही. पूरक आराखडा करता येतो, पण त्यासाठी पुन्हा ठराव, पुन्हा मंजुरी. म्हणजे मे महिन्यात तुम्ही सरपंचांच्या ओट्यावर जाऊन 'आमच्या वस्तीला गटार करा' म्हणालात आणि ते म्हणाले 'पुढच्या वर्षी बघू', तर ती टाळाटाळ असेलच असं नाही. तुम्ही सात महिने उशिरा गेलात, एवढंच.

पूर्ण शिवारफेरी काढणारी गावं थोडी. बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीच्या यादीत दोन कामं घालून, चार वगळून नवा आराखडा तयार होतो. पण हे होतं ते कुणी विचारत नाही म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या वस्तीवरच्या पाच बायांनी लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि सभेत उभं राहून 'आमचं काम कितव्या क्रमांकावर आहे?' असं विचारलं, तर यादी हलते. मोर्च्यापेक्षा या कागदाचं वजन जास्त असतं, कारण तो इतिवृत्तात चढतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार एक पायरी पुढे गेलं. तिथे पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्याला आणि गुरांना किती लागेल, शेतीला किती उरेल. त्यावरून रब्बीला कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभा ठरवते. ऊस आणि केळी या गावाने आपण होऊन बंद ठेवली. पद्मश्री मिळालेल्या पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ती वर्षाकाठची बैठक आहे. माझ्या शेतात काय लावायचं हे गावाने ठरवायचं आणि मी ते ऐकायचं, याला काय लागतं ते शेतकऱ्यालाच विचारा.

हिवाळ्यात अंदाजपत्रक तयार होतं आणि मंजुरीला जातं. तोवर आराखडा ठरलेला असतो, त्यामुळे इथे फारसं नवीन काही घडत नाही. फेब्रुवारी-मार्च वसुलीचे. शिपाई दारोदार, नोटिसा, लोकअदालतीचे तडजोडीचे प्रस्ताव. आणि ३१ मार्चच्या आधी निधी खर्ची टाकायची घाई. वर्षभर रखडलेलं काम मार्चमध्ये रात्री दिवे लावून का चालतं, याचं उत्तर हेच. घाईतल्या सिमेंटला पाणी मारायला मग कुणी नसतं.

'ठराव झाला, मग काम का नाही?'

कारण ठराव ही पहिली पायरी आहे. त्यानंतर शाखा अभियंता येऊन खर्चाचं अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, कार्यारंभ आदेश निघतो, काम होतं, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी बिल. एका अभियंत्याकडे अनेक गावं असतात, आणि त्याच्या मोटारसायकलला दोनच चाकं. काम अडलंय असं वाटलं, तर 'काम कधी होणार?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'होईल' असंच येतं. 'ठराव क्रमांक किती? तांत्रिक मान्यता झाली का? आदेश निघाला का?' असं विचारा. गाडी कुठल्या पायरीवर थांबली आहे ते लगेच कळतं, आणि दोष कुणाचा तेही.

'ग्रामसभेत आमचं ऐकतंय कोण?'

गणपूर्तीची, म्हणजे सभेला निदान किती माणसं हवीत याची, अट पाहा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर जण पुरेत. एवढीही माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे रागाने उठून गेलात तर पुढच्या वेळी दहा जणांत सगळे विषय मंजूर होतात, आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं जातं. बहिष्काराने नुकसान बहिष्कार घालणाऱ्याचंच.

सभेचं खरं बळ कधी कधी सरकारच्याही पुढे जातं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. या ठरावासाठी कुठल्याच लेखाशीर्षात तरतूद लागत नव्हती. राज्य सरकारने मग बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं.

'सरपंच तर मलिदाच खातात'

खाणारे आहेत, आणि कारवाई झालेलेही आहेत. पण पदाचं मानधन किती ते एकदा माहीत असू द्या. २०२४ मध्ये दुप्पट केल्यानंतर दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिना ६ हजार, आठ हजारांपर्यंतच्या गावाला ८ हजार आणि त्याहून मोठ्या गावाला १० हजार रुपये मिळतात. साध्या सदस्याला सभेचा भत्ता तेवढा. एवढ्या पैशात तालुक्याच्या फेऱ्या, पाहुण्यांचा चहा आणि रात्री अकराला येणारे 'लाइट गेलीय' असे फोन. प्रामाणिक माणूस पुन्हा उभा राहायला का नको म्हणतो, ते यातून कळतं. अप्रामाणिक का उभा राहतो, तेही. संशय असेल तर दप्तर पाहायला मागा, माहिती अधिकारात प्रती घ्या, लेखापरीक्षणाचे आक्षेप ग्रामसभेत वाचायला लावा. हे आक्षेप सभेपुढे ठेवणं बंधनकारक आहे. वाचून दाखवायचा कंटाळा येतो, एवढीच अडचण.

आणि निवडून आलेलं मंडळच नसेल तर?

मुदत संपली आणि निवडणूक लांबली की गावावर प्रशासक येतो. दाखले मिळत राहतात, दिवे लागत राहतात, म्हणून फरक पडला असं कुणाला वाटत नाही. पण वित्त आयोगाचं अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतं. महाराष्ट्रात २०२२ नंतर जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले, तेव्हा त्यांच्या वाट्याचे हप्ते अडकले. प्रशासक असलेल्या ग्रामपंचायतीलाही हाच नियम लागू होतो. भावाचे पैसे येणं थांबतं. मग गावाचा गाडा चालतो तो फक्त घरपट्टी-पाणीपट्टीवर, आणि त्या गावची वसुली चाळीस टक्के असेल तर पथदिव्यांचं बिल कुठून भरायचं, हा प्रश्न प्रशासकापुढे दुसऱ्याच महिन्यात येऊन उभा राहतो.